भडक म्हणण्याआधी

फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने 1905 साली आपल्या बायकोचे, आमेलीचे, एक लहानसे चित्र रंगवले. कपाळावरून नाकाच्या दांडीवरून खाली उतरणारा हिरवा पट्टा, त्याच्या एका बाजूला पिवळसर चेहरा, दुसऱ्या बाजूला गुलाबी, मागे हिरवा, जांभळा, शेंदरी असे रंगांचे मोठे तुकडे. आज कोपनहेगनच्या संग्रहालयात असलेल्या या चित्राची छापील प्रत चारचौघांत दाखवली की दोन तट पडतात. मी ते अनेकदा पडताना पाहिले आहेत. एक तट म्हणतो, हे भडक आहे, याला नीट चित्र काढता येत नव्हते, किंवा लोकांना दचकवायचेच होते. दुसरा तट मातीसच्या बाजूने धावून येतो आणि सांगतो की त्याने भावनांना वाट करून दिली, नियम झुगारले, मनात आले तसे रंग लावले. मला पहिल्यापेक्षा हा दुसरा तट जास्त अस्वस्थ करतो, कारण तो मातीसची बाजू घेताना त्याचे सगळे कष्टच पुसून टाकतो. दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते: रेषा म्हणजे बुद्धी आणि रंग म्हणजे उमाळा. एकाला उमाळा नको आहे, दुसऱ्याला हवा आहे, एवढेच. माझे म्हणणे असे की हे गृहीतकच चुकीचे आहे. फ्रेंच चित्रकलेत आधुनिकतेच्या उंबरठ्यावर जो धीट रंग आला, तो प्रकाश बांधण्याची एक काटेकोर रीत म्हणून आला. त्या हिरव्या पट्ट्याच्या जागी दुसरा कुठलाही रंग ठेवून पाहा, चेहरा चेहऱ्यासारखा उभा राहत नाही.

ही रीत कळायला सावलीपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यांना वस्तुचित्राचा धडा आठवत असेल. मी शिकलो तेव्हा लाल कपड्यावर पितळी तांब्या ठेवलेला असे, आणि कपड्याच्या घडीतली सावली दाखवायची म्हणजे लालमध्ये थोडा काळा मिसळायचा. गुण मिळत. कितीतरी वर्षांनी मे महिन्यातल्या एका दुपारी चुना दिलेल्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली मी सावकाश पाहिली, तेव्हा ती काळी नव्हती, करडीही नव्हती. निळी होती, आणि जमिनीजवळ तांबूस. मातीची झाक तिच्यात उतरली होती. 1905च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या कोल्यूर या मासेमारीच्या गावात मातीस आणि त्याचा सहकारी चित्रकार आंद्रे दरँ नेमके हेच पाहत होते. जुलैअखेरीस दरँने आपला चित्रकार मित्र व्लामँकला पत्र लिहून कळवले की प्रकाशाची एक नवी कल्पना हाती लागली आहे, आणि ती म्हणजे सावलीचा नकार: इथले ऊन प्रखर आहे, सावल्याही उजळ आहेत, सावली हे स्वतःच्या तेजाचे एक जग आहे. हे वाक्य उमाळ्याचे वाटते का? मला ते निरीक्षणाचे वाटते. सावली काळी नसेल, तर उजेड-अंधाराच्या उतरंडीवर आकाराची गोलाई दाखवण्याची चारशे वर्षांची युक्ती निकामी होते. मग गोलाई दाखवायची कशाने? उष्ण रंगाशेजारी शीत रंग ठेवून. आमेलीच्या नाकावरचा हिरवा पट्टा तेच करतो. चेहऱ्याची उजेडाकडची बाजू आणि आडोशाची बाजू जिथे वळते, त्या वळणावर तो उभा आहे.

रंगाने प्रकाश बांधता येतो याचा पुरावा हवा असेल तर मोनेचे 1872 सालचे, समुद्रावरच्या धुक्यातून उगवत्या सूर्याचे चित्र मोबाइलवर उघडावे आणि त्यातले रंग काढून ते काळे-पांढरे करावे. ज्या चित्रावरून दृक्प्रत्ययवादाला (इम्प्रेशनिझमला) नाव मिळाले, त्यातला तो शेंदरी सूर्य जवळपास नाहीसा होतो. कारण उजळपणाच्या मापाने तो भोवतीच्या करड्या आकाशाइतकाच आहे. त्याचे तळपणे पांढऱ्या रंगातून आलेले नाही. निळसर करड्यात शेंदरी ठेवल्यामुळे आले आहे. म्हणजे तो सूर्य एका जागी नाहीच, तो दोन रंगांच्या मधल्या नात्यात आहे.

हे नाते काही चित्रकारांच्या लहरीतून सापडलेले नाही. पॅरिसच्या गोबलँ या राजाश्रयाच्या विणकामशाळेत मिशेल शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा मरगळलेला दिसतो. शव्रलने रंगाई तपासली. काळ्यात खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता: निळ्या-जांभळ्याच्या सोबतीने काळ्याचा जोर ओसरत होता. त्यातून 1839 साली त्याचा रंगांच्या एककालिक विरोधाच्या नियमावरचा जाडजूड ग्रंथ आला, आणि पुढे सरा आणि सिन्याक या चित्रकारांनी तो नियम कॅनव्हासवर अक्षरशः ठिपक्या-ठिपक्याने राबवला. मातीस 1904चा उन्हाळा सँ-त्रोपेला सिन्याकच्या सहवासात काढून आला होता. कोल्यूरला जाण्याआधी तो या शिस्तीतून गेलेला होता. इतकेच नाही, त्याआधी गुस्ताव्ह मोरोच्या वर्गात असताना आणि नंतरही तो लूव्ह्रमध्ये जुन्या उस्तादांची चित्रे नकलत असे. शार्दँच्या माशाच्या चित्राची एक प्रत त्याने वर्षानुवर्षे हाताळली. ज्याला चित्र काढता येत नव्हते म्हणतात, तो माणूस हा.

आता विरोधी बाजू. तिच्या मांडणीत सतराव्या शतकापासून खरे वजन आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पॅरिसच्या राजेशाही अकादमीत 1671च्या जूनमध्ये फिलिप द शांपेनने तिशियनच्या एका चित्रावर व्याख्यान दिले आणि रंगाच्या मोहाविरुद्ध सावध केले. नोव्हेंबरमध्ये गाब्रिएल ब्लांशारने रंगाची बाजू घेतली. 1672च्या जानेवारीत अकादमीचा कर्ताधर्ता शार्ल ल ब्रँ याने निकाल दिल्यासारखे उत्तर दिले: रेखांकन बुद्धीवर अवलंबून असते, रंग पदार्थावर, रेखांकन वस्तूचे खरे रूप दाखवते, रंग फक्त आगंतुक गुण दाखवतो. युक्तिवाद भक्कम आहे. सफरचंद अंधारात ठेवले तरी गोलच राहते, त्याचा लाल मात्र दिव्याबरोबर जातो. जे दिव्याबरोबर जाते त्यावर चित्राची इमारत उभी करायची का?

पण याच युक्तिवादात त्याचे उत्तर दडलेले आहे. अंधारातली गोलाई कशाने कळते? हाताने. म्हणजे ल ब्रँ ज्याला वस्तूचे खरे रूप म्हणतो, ते डोळ्याशिवायही मिळते. रंगाची बाजू मांडणाऱ्या रोजे द पीलने पुढे या वादात आंधळ्या शिल्पकाराचे उदाहरण दिले ते याचसाठी: दृष्टी नसलेला माणूस बोटांनी चाचपून मूर्ती घडवू शकतो, पण रंगवू शकत नाही. चित्रकलेचे स्वतःचे असे काही असेल, जे शिल्पात नाही, भूमितीत नाही, तर ते प्रकाशात वस्तू कशी दिसते हेच आहे. रंग आगंतुक आहे हे खरे; पण उजेडच आगंतुक आहे, आणि चित्रकार उजेडात काम करतो.

ल ब्रँच्या भाषणातला आणखी एक मुद्दा मला जास्त बोलका वाटतो. रंगालाच मोठेपण दिले तर रंग खलणारे मजूर चित्रकारांच्या पंक्तीला येऊन बसतील, अशी भीती त्याने बोलून दाखवली होती. इथे वाद चित्राचा राहत नाही, पंक्तीचा होतो. हाताने पदार्थ हाताळणारा खालचा आणि डोक्याने योजना करणारा वरचा, ही उतरंड आपल्या समाजाला सांगायची गरज नाही. तिची किंमत आपण पिढ्यानपिढ्या मोजली आहे. अकादमीच्या चित्रकारांना कारागिरांच्या संघटनेपासून स्वतःला वेगळे काढायचे होते आणि रेषा हे त्यासाठीचे जानवे होते. दोनशे वर्षांनी, 1867 साली, शार्ल ब्लाँ या कलासमीक्षकाने तीच उतरंड वेगळ्या भाषेत मांडली: रेखांकन हे कलेतले पुरुषतत्त्व, रंग हे स्त्रीतत्त्व, रंगाने रेखांकनाच्या आज्ञेत राहिले पाहिजे, नाहीतर हव्वेमुळे मानवजात बुडाली तशी चित्रकला बुडेल. ज्या भेदाला टिकण्यासाठी एकदा मजुराचा आणि एकदा बाईचा कमीपणा उसना घ्यावा लागतो, तो भेद डोळ्यांनी पाहून ठरवलेला नसतो. आज कोणी सहजपणे 'भडक' म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे हा सगळा इतिहास उभा असतो, बोलणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

द पीलच्या बाजूनेही अन्याय झाला, हे सांगितले पाहिजे. 1708 साली त्याने मोठ्या चित्रकारांना रचना, रेखांकन, रंग आणि भावदर्शन अशा चार विषयांत गुण देणारा तक्ता छापला. पूसाँला रेखांकनात 17 आणि रंगात 6. रेम्ब्रांटला रंगात 17 आणि रेखांकनात 6. आकड्यांची ही अदलाबदल पाहिली की वाटते, रंगाचा हा वकीलसुद्धा प्रतिपक्षाच्याच न्यायालयात उभा होता. रंग आणि रेषा हे दोन वेगळे विषय आहेत आणि त्यांची वेगळी उत्तरपत्रिका तपासता येते, हे त्याने मान्य करून टाकले. पूसाँच्या चित्रांत निळी आणि केशरी वस्त्रे ज्या अंतराने ठेवलेली असतात, त्या अंतरावर त्याच्या आकृत्यांचा तोल उभा असतो. त्याला रंगात 6 गुण देणे म्हणजे तो तोल न पाहणे. पुढे एकोणिसाव्या शतकात रेषेचा पुरस्कर्ता अँग्र आणि रंगाचा पुरस्कर्ता देलाक्रवा या चित्रकारांच्या अनुयायांनी हेच भांडण पुन्हा मांडले. रेखांकन हा कलेचा सचोटीपणा आहे, असे अँग्र म्हणे. सचोटी रेषेकडे गेली की रंगाच्या वाट्याला काय उरते? फसवणूक, मोह, नटवेपणा. आणि देलाक्रवाच्या चाहत्यांनी तो आरोप नाकारण्याऐवजी मोह हाच गुण म्हणून मिरवला. आजच्या दोन तटांची वंशावळ ही.

दुसरा मोठा आक्षेप चित्रकारांच्याच तोंडचा आहे. व्लामँकने आपल्या निळ्या आणि शेंदरी रंगांनी कलाशाळाच जाळून टाकायची होती, असे सांगून ठेवले आहे. ब्राक काही काळ या मंडळींत होता आणि मग बाजूला झाला. माणूस सतत आवेशाच्या टोकावर राहू शकत नाही, अशा अर्थाचे तो पुढे बोलला. पॅरिसच्या 1905च्या शरद-प्रदर्शनात सातव्या दालनात ही चित्रे लागली. लुई व्होसेल या समीक्षकाने त्यांच्यामध्ये ठेवलेला अभिजात वळणाचा एक अर्धपुतळा पाहून 'रानटी श्वापदांत दोनातेल्लो' (पंधराव्या शतकातला इटालियन शिल्पकार) असे लिहिले, आणि श्वापदासाठीच्या 'फोव्ह' या फ्रेंच शब्दावरून फोविझमला, म्हणजे मराठीतल्या रंगभारवादाला, नाव मिळाले. तीन वर्षांच्या आत सगळे पांगले होते. दरँ जुन्या उस्तादांकडे वळला, ब्राक घनवादाकडे (क्युबिझमकडे) गेला. रंग ही जर खरी रचना असती, तर ती इतक्या लवकर का ओस पडली?

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे अर्धे उत्तर मी कबूल करतो. व्लामँकपुरते टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. त्याने रंग आवाज चढवण्यासाठी वापरला. चढवलेला आवाज आणखी चढवता येत नाही, आणि काही वर्षांत तो काळवंडलेल्या आकाशाच्या, बर्फाळ रस्त्यांच्या चित्रांकडे गेला. पण एका गायकाने घसा ताणला म्हणून स्वरांचे गणित खोटे ठरते का? शेजारच्याच मातीसकडे पाहा. 1908 साली त्याने चित्रकाराची टिपणे म्हणून एक लेख प्रसिद्ध केला. त्यात तो एका कपाटाचे उदाहरण घेतो. कपाट मला झगझगीत लालची जाणीव देते, मी समाधान होईल असा लाल ठेवतो. त्या लालचे आणि कॅनव्हासच्या पांढऱ्याचे नाते तयार होते. त्याशेजारी हिरवा ठेवला, जमीन पिवळी केली, की आणखी नाती तयार होतात. आणि मग हे रंग एकमेकांना दुबळे करू लागतात. म्हणून त्यांचा तोल असा साधावा लागतो की ते एकमेकांना मारणार नाहीत. शव्रलच्या काळ्या धाग्याची गोष्टच ही, फक्त आता चित्रकाराच्या तोंडून. त्याच लेखात त्याने हेही स्पष्ट केले आहे की चेहऱ्यावर उसळणाऱ्या भावनेला तो अभिव्यक्ती मानत नाही. चित्राच्या सगळ्या मांडणीत ती असते. हे वाचूनही त्याला 'मनात आले तसे रंग लावणारा' म्हणायचे असेल तर निदान त्याचे स्वतःचे शब्द खोडून दाखवले पाहिजेत.

आणि शब्दच कशाला? त्याच सुमाराचे त्याचे भोजनगृहाचे मोठे चित्र आधी निळे होते. ते त्याने सबंध लाल केले. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. 1911चे लाल रंगशाळेचे चित्र तर या संपूर्ण वादाचा निकाल आहे असे मला वाटते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याची तपासणी केली तेव्हा दिसले की आधी खोली निळी, गुलाबी, पिवळसर अशी रंगवली होती आणि नंतर तिच्यावर लाल पसरला. खुर्ची, मेज, घड्याळ यांच्या ज्या बारीक रेषा आपल्याला दिसतात, त्या लालवर काढलेल्या नाहीत. लाल लावताना त्या जागा सोडलेल्या आहेत. खालचा जुना रंग त्या फटींतून दिसतो. ल ब्रँच्या मते रेषा आधी आणि रंग तिच्या चाकरीला. इथे रेषा म्हणजे दोन रंगांमध्ये राखलेली जागा. तिला रेखांकनाचे गुण द्यायचे की रंगाचे?

रसायनशास्त्राचा आक्षेप त्यामानाने हलका आहे. हे सगळे कारखान्यांचे देणे, असे म्हणणारे काही तारखा दाखवतात: 1802चा कोबाल्ट निळा, 1820च्या दशकाअखेरचा कृत्रिम अल्ट्रामरीन, 1841ची कथिलाची रंगनळी, 1859चे गिन्येचे हिरव्याचे पेटंट. तारखा बरोबर आहेत. पण त्याच नळ्या बुगरो या चित्रकारालाही मिळत होत्या आणि त्याने त्यांतून गुळगुळीत, अकादमीच्या पसंतीची त्वचा रंगवली. हार्मोनियमचे पेटंटही 1842 साली पॅरिसमध्येच घेतले गेले. म्हणून आपले नाट्यसंगीत पेटीने निर्माण केले असे कोणी म्हणेल काय?

मातीसवरच उलटणारा एक आक्षेप मात्र मला कठीण वाटत आला आहे. त्या 1908च्या लेखात त्यानेच लिहिले की दमल्या माणसाला चांगली आरामखुर्ची जशी, तशी कला आपल्याला हवी आहे. मग हे सजावटच झाले ना? पडद्याचा कपडा निवडण्याइतकेच? मी त्याला त्याच्या आयुष्याच्या शेवटाकडच्या कामाने उत्तर देईन. दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँस गावी त्याने उभारलेले प्रार्थनागृह 1951 साली पूर्ण झाले. खिडक्यांच्या काचांत तीनच रंग: पिवळा, हिरवा, निळा. समोरच्या भिंतींवर पांढऱ्या फरश्या आणि त्यांवर काळ्या रेषांतल्या आकृत्या. रेषा एका बाजूला, रंग दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या जागेत सूर्य सरकेल तसा काचेचा रंग त्या पांढऱ्यावर पसरत जातो. इथे रंग आणि प्रकाश या दोन गोष्टी उरलेल्याच नाहीत. ज्या वास्तूचे सगळे अवकाश तीन रंगांच्या निवडीवर उभे आहे, तिथे सजावट कुठली आणि इमारत कुठली हे वेगळे काढता येत नाही. विश्रांती देणारी गोष्ट कमी विचाराने बनते, हा समज कुठून आला?

मुंबईहून पॅरिसला गेलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांची गोष्ट इथे आठवते. 1948 साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने त्यांची चित्रे पाहून सांगितले की तुमच्यात प्रतिभा आहे, पण चित्रांना बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. 1950 साली रझा फ्रान्सला गेले. बांधणी शिकायला पाठवलेला हा माणूस रेषेचा उपासक झाला नाही. सेझान या फ्रेंच चित्रकाराकडून तो शिकला ते सेझानने स्वतःच एमिल बेर्नार या तरुण चित्रकाराला सांगून ठेवले होते: रंग जेव्हा सर्वांत समृद्ध असतो तेव्हा आकार सर्वांत भरीव असतो. रझांच्या पुढच्या चित्रांतले लाल आणि काळे पाहताना आपण त्यांना भडक म्हणत नाही, कारण ते आपले वाटतात. ती सवलत आपण कोल्यूरच्या बंदराला देत नाही.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे, आणि तो मला दुःख देतो. रंग उडतात. सराच्या रविवार-दुपारच्या प्रचंड चित्रातले झिंकयुक्त पिवळे ठिपके काही वर्षांतच तपकिरी पडले. मातीसचे 1905-06चे 'जगण्याचा आनंद', फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहातले, आज आपण पाहतो तसे रंगवलेले नव्हते. मध्यभागी पहुडलेल्या स्त्रियांच्या खालचा कॅडमियम पिवळा फिका पडून हस्तिदंती झाला आहे, डावीकडच्या वरच्या पानांतला पिवळा तपकिरी. कॅडमियम सल्फाइडचे उजेडाने ऑक्सिडीकरण होते. ज्या प्रकाशासाठी तो रंग लावला, त्यानेच तो नेला. रेषा मात्र जागेवर आहेत. रेषावाद्यांनी याहून मोठा पुरावा मागायचा तो कोणता?

पण त्या चित्रासमोरची अडचण नीट पाहा. रंग जर वरून लावलेला साज असता, तर तो उतरल्यावर चित्र थोडे उदास दिसले असते, इतकेच. भिंतीचा गिलावा पडला तरी भिंत उभी राहते. इथे तसे होत नाही. सगळ्या रेषा शाबूत असूनही त्या स्त्रियांच्या खालची जमीन ढिली पडली आहे. ज्या पिवळ्याने त्यांना उन्हात धरून ठेवले होते तो गेल्यामुळे त्या कशावर पहुडल्या आहेत हेच चित्र आता पूर्वीइतक्या ठामपणे सांगत नाही. म्हणून संवर्धक रंगाच्या सूक्ष्म कणांचे क्ष-किरणांखाली विश्लेषण करतात आणि मूळ पिवळा किती प्रखर होता याचा माग काढतात. रेषेचा माग काढायची गरज कोणालाच पडलेली नाही. ती पूर्ण उरली आहे, आणि तरी चित्र अपुरे आहे.